पाहुणा गार पडला ती संक्रांत

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांच्याही आधी मला मावशींचं नाव घ्यावं लागतं. आईवडिलांना त्यात काही वावगं वाटत नाही. तेही हेच सांगतात. मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. त्या आमच्याच गावच्या, नागपूरजवळच्या सौंसरकडच्या, आणि जबलपूरला रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही. नोकरी करता करता तिथल्याच कांचघर भागात दोन खोल्या, एक अंगण आणि मागे पत्र्याची एक खोली असं घर केलं, आणि तिथंच राहिल्या. मोहल्ल्यात त्यांना सगळे ‘सिस्टरजी’ म्हणत.

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. वडील संत्र्याच्या बागांत पेट्या भरायला जात. मी बारावी झालो त्या उन्हाळ्यात मावशी गावी आल्या होत्या. त्यांनी माझी गुणपत्रिका हातात घेतली, चष्मा वर सरकवून नीट वाचली आणि वडिलांना म्हणाल्या, “ह्याला संत्र्यात काहून घालून राहिले, भाऊ? माझ्याकडे पाठवून द्या. शिकू द्या.”

वडील म्हणाले, “तिकडं सगळं हिंदी. ह्याचं कसं निभेल?”

“माझं निभलं ना,” मावशी म्हणाल्या. एवढंच बोलणं झालं, आणि माझं आयुष्य बदललं.

मागची पत्र्याची खोली मला मिळाली. तिथं आधीच एक जण राहत होता.

तो इग्वाना होता. घोरपडीचा लांबचा भाऊ म्हणा. पण घोरपड मांस खाते आणि हा निव्वळ पालेभाजी. हिरवा, पाठीवर कंगव्यासारखे काटे, गळ्याखाली कातडीची झालर आणि अंगाहून लांब शेपूट. रेल्वेतल्या एका साहेबांच्या मुलाने हौसेने पाळलेला. साहेबांची बदली झाली तेव्हा ते मावशींना म्हणाले होते, “सिस्टर, घर लागेपर्यंत ठेवा, मग घेऊन जातो.” घर लागलं असावं, पण न्यायला कोणी आलं नाही. मावशींनी त्याचं नाव ठेवलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “दुसऱ्याचं लेकरू आहे. नाव ठेवलं की आपलं होतं.” तरी हाक मारायला काही हवंच, म्हणून त्या त्याला पाहुणा म्हणत. पाहुणा जेवला का, पाहुणा उन्हात नेला का, असं.

त्याच्यासाठी त्यांनी जुनं जाळीचं कपाट आडवं करून त्यात फांदी बसवली होती आणि वर बल्ब लावला होता. असल्या प्राण्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ऊन असेल तर ऊन, नाहीतर बल्ब. मावशी लहान बाळांच्या वॉर्डात काम करत, आणि उबेच्या पेटीत ठेवलेल्या बाळासारखीच त्याची व्यवस्था होती. थंडीत मीही त्या कपाटाला टेकून अभ्यास करत असे. मध्येच पाहुणा शिंके आणि माझ्या वहीवर बारीक थेंब उडत. वाळले की त्यांचे पांढरे डाग पडत. पहिल्यांदा मी घाबरलो. मावशी म्हणाल्या, “अंगातलं जास्तीचं मीठ तो नाकातून टाकतो. चाखून पहा, खोटं वाटत असेल तर.”

समोरच्या घरातल्या भाभीजींना मात्र हा प्राणी सहन होत नसे. आमच्या भागात ‘गोहेरा’ म्हणून एका विषारी जनावराची दहशत आहे. तो चावला की माणूस पाणीसुद्धा मागत नाही, असं सांगतात. प्रत्यक्षात ती घोरपडीचीच पिल्लं, बिनविषारी. पण लोक दिसली की ठेचतात.

“सिस्टरजी, ये गोहेरा ही है,” भाभीजी फाटकाबाहेरूनच म्हणत. “रंग हरा कर देने से क्या होता है?”

“गोहेरा असता तर मी आतापर्यंत पाणी मागितलं असतं का?” मावशी मराठीतच उत्तर देत. भाभीजींना ते बरोबर कळे.

मग एकदा मी त्यांना सांगून टाकलं की ह्याच्या डोक्यावर मधोमध एक तिसरा डोळा असतो. खरंच असतो, दिसत नाही त्याने काही, पण वरून सावली पडली की कळतं. मी ते कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं होतं. भाभीजी दोन पावलं पुढे आल्या, वाकून पाहिलं, तिथे एक फिकट मण्यासारखा खवला होता, आणि त्यांनी पदर डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवसापासून देवाला वाहिलेली जास्वंदीची फुलं उतरवली की त्या पाहुण्यासाठी आणून ठेवू लागल्या. तो ती चवीने खाई. “भैया, तुमसे अच्छा तो ये है,” त्या मला म्हणत, “जो दो सो खा लेता है, और नखरा नहीं करता.”

हे सगळं सांगायचं ते त्या पहिल्या हिवाळ्यासाठी. तो समजला नाही तर पुढचं समजणार नाही.

डिसेंबर संपत आला होता. मावशी रात्रपाळीला गेल्या होत्या आणि पहाटे कधीतरी बल्ब उडाला. सकाळी मी उठलो तेव्हा पाहुणा फांदीवर नव्हता. कपाटाच्या तळाशी, पाठीवर पडलेला, पाय वर, रंग राखेसारखा. हात लावला तर दगड. मी ओरडलो असेन, कारण समोरून भाभीजी आणि त्यांचे यजमान धावत आले. यजमानांना मी भाईसाहब म्हणतो. मोठे कामसू गृहस्थ, फॅक्टरीत नोकरीला. त्यांनी पाहुण्याची शेपटी उचलून सोडली. ती काठीसारखी आपटली.

“चला गया,” ते म्हणाले. “सिस्टरजी थकी हुई आएँगी. उनके आने से पहले निपटा देते हैं.” आणि फावडं आणून अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणायला लागलेसुद्धा. त्यात दुष्टपणा नव्हता. दमून आलेल्या बाईला मेलेलं दिसू नये, एवढीच कळकळ होती. मी पाहुण्याला टॉवेलात गुंडाळून उभा राहिलो. भाईसाहबांनी हात पुढे केले, मीही केले, आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

मावशी गणवेशातच होत्या. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, टॉवेलाकडे पाहिलं.

“गरम केला का?”

भाईसाहबांनी पुढे केलेले हात मागे घेतले.

“मी विचारून राहिली, गरम केला का?”

“सिस्टरजी, उसमें अब कुछ नहीं है,” भाईसाहब म्हणाले.

“गार आहे म्हणून मेला कसा म्हणता?” मावशींनी तो माझ्या हातातून घेतला, शालीच्या आत, थेट पोटाशी धरला आणि पायरीवर बसल्या. मी शेगडी पेटवायला निघालो तर ओरडल्या, “आगीजवळ नाही न्यायचं गारठलेल्याला! अंगाची ऊब दे. मग ऊन. बाटल्यांत कोमट पाणी भर, टॉवेल गुंडाळ. हळूहळू.”

ती सकाळ मी विसरणार नाही. भाईसाहब फावड्याला टेकून उभे, भाभीजींच्या हाताला पोळपाटावरून उठल्याचं पीठ, आणि मावशी हलत नव्हत्या. ऊन अंगणात उतरलं, त्यांच्या पावलांवर आलं, मांडीवर आलं. मला वाटत होतं की मावशींना कोणीतरी सांगायला हवं आणि ते माझ्यावरच येणार. मग शालीतून एक शिंक आली. गणवेशावर मीठ उडालं. शालीच्या काठातून एक सोनेरी डोळा उघडून आम्हा सगळ्यांकडे पाहत होता.

भाभीजी मटकन खाली बसल्या. भाईसाहब म्हणाले, “और मैं इसे गाड़ देता!” आणि पुढे कितीतरी दिवस ते आमच्या अंगणात आले की आधी पाहुण्यापुढे हात जोडत.

खड्डा तसाच राहिला होता. मावशींनी त्यात जास्वंदीचं रोप लावलं. म्हणाल्या, खणलेलं वाया कशाला घालवायचं.

काही दिवसांनी मी त्यांना विचारलं, “मावशी, आणि नसता उठला तर?”

त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “तर गरम मेला असता.” मग सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला, अशाच थंडीत, गाडीच्या डब्यात जन्मलेलं एक बाळ त्यांच्याकडे आणलं गेलं होतं. निळं, गार. मावशींनी ते आपल्या छातीशी धरून ऊब दिली, डॉक्टर त्यांचं करत होते, त्या आपलं करत होत्या. बाळ उठलं नाही. “त्याच्या आईने एकच विचारलं, बाबू. सिस्टर, त्याला गरम केलं होतं ना? मी तिच्या डोळ्यांत पाहून हो म्हणू शकली. नाही केलं असतं तर काय सांगितलं असतं तिला? उठणं न उठणं आपल्या हातात नाही. मागे राहिलेल्याने विचारलं तर सांगता आलं पाहिजे.”

एवढंच बोलून त्यांनी मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. काड्या पाहुण्याला, पानं आपल्याला.

पुढची वर्षं अभ्यासात गेली. मी बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो. पदवी हातात आली त्या दिवशी मावशींनी मला अंगणात उभं करून फोटो काढला आणि माझ्या खांद्यावर पाहुण्याला बसवलं. फोटो गावी पोचल्यावर वडिलांचा फोन आला. सगळं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, “ते खांद्यावरचं पण कॉलेजातूनच देतात का?” मावशी हसून हसून पायरीवर बसल्या.

मला जबलपुरातच शाळेत नोकरी लागली. विज्ञान शिकवतो. मोठं घर बघ, असं मावशी म्हणत आणि मी बघत नसे. त्या निवृत्त झाल्या. पाहुणा म्हातारा झाला. जाळीचं कपाट कधीच लहान पडून ती पूर्ण खोली त्याची झाली होती आणि मी मधल्या खोलीत आलो होतो. साहेब आले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला, त्यांच्या भाचीकडे राहून. दोनदा त्यांनी ते पुढे ढकललं होतं, पाहुण्यामुळेच. दिवाळीपासून त्याने खाणं कमी केलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की वय झालं, मूत्रपिंडं थकली आहेत. ऊब द्या, खाईल ते द्या, बाकी काही करण्यासारखं नाही. मी मावशींना म्हणालो, “मी आहे ना. तुम्ही जा.” त्यांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “संध्याकाळी फोन करीन. खाल्लं तर खाल्लं म्हणायचं, नाही तर नाही. मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही.”

त्यांनी माझ्यासाठी आयुष्यभर केलं आणि मागितलं ते हे एवढंच. मी कधी कुठल्या परीक्षेला एवढा घाबरलो नव्हतो.

सकाळी उठलो की आधी त्या खोलीच्या दाराशी थांबायचो. आत जाण्याआधी थोडा वेळ लागायचा मला. मग हात पुढे करून त्याच्या पाठीवर ठेवायचा. कोमट लागली की श्वास सुटायचा. शाळेत शिकवताना मन घरी असे. घमापूरच्या बाजारातून शेवग्याचा पाला, लाल भोपळा, जास्वंद बहरात नसली तर भाभीजींच्या माळेतलं फूल. तो जीभ लावी आणि मान फिरवी. संध्याकाळी फोन.

“काय खाल्लं?”

“भोपळा थोडा. पाला नाही.”

“शिंकला का?”

“नाही, मावशी.”

“बरं. बल्ब बदलून ठेव नवा.”

ऑपरेशन नीट झालं. त्याच आठवड्यात थंडी वाढली, आणि संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. लाइनमन आले, पाहिलं आणि म्हणाले, “कल होगा.” मी गॅसवर पाणी कोमट करून बाटल्या भरल्या, टॉवेलात गुंडाळून त्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या, वर माझी रजई घातली. पाणी निवलं की बदलत राहिलो. त्या वेळी तो बरा होता. हात लावला की डोळा उघडत होता.

उजाडताना मी हात लावला तेव्हा बाटल्या कोमट होत्या आणि पाहुणा गार होता.

बाहेर धुकं एवढं की समोरचं घर दिसत नव्हतं. मी त्याला उचललं. मान हातावरून लोंबली. डोळे मिटलेले, झालर सुकलेल्या पानासारखी. मी स्वेटरची चेन उघडली, त्याला आत पोटाशी घेतलं, वरून शाल घेतली आणि त्याच पायरीवर बसलो जिथं मावशी बसल्या होत्या. अंगाला बर्फ लावल्यासारखं झालं. हळूहळू, मी स्वतःला सांगत होतो. आग नाही. अंगाची ऊब. मग ऊन. पण ऊन कुठं होतं?

फाटकाबाहेर ऑटो येऊन थांबला. भाभीजींच्या घरची सगळी नर्मदेच्या तिलवारा घाटावर संक्रांतीच्या स्नानाला निघाली होती. भाभीजी तिळाच्या लाडवांचा डबा द्यायला आत आल्या आणि माझ्याकडे पाहूनच समजल्या. त्यांनी शालीत बोट घालून पाहिलं आणि पटकन मागे घेतलं.

“भैया,” त्या हळूच म्हणाल्या, “हमारे साथ भेज दो. आज संक्रांत है. नर्मदाजी की गोद मिल जाएगी. इससे अच्छा दिन कौन-सा मिलेगा बेचारे को?”

मी मान हलवली.

“ज़िद मत करो. त्योहार के दिन घर में रखोगे? सिस्टरजी भी यही कहतीं.”

“भाभीजी, अभी ठंडा है.”

“ठंडा तो होगा ही ना!” त्यांचा आवाज फुटला. “पिछली बार की बात और थी. तब जवान था.”

ऑटोवाल्याने हॉर्न दिला. भाईसाहब धुक्यातून आत आले आणि त्यांनी पाहिलं. मी त्यांना एवढंच म्हणू शकलो, “भाईसाहब, ज़िंदा हुआ तो? इतने ठंडे पानी में?” त्यांनी भाभीजींच्या खांद्याला हात लावला.

फोन वाजला. मावशी सकाळी कधी फोन करत नसत.

“इथं खूप थंडी पडली,” त्या म्हणाल्या. “म्हणून म्हटलं. कसा आहे?”

खोटं सांगायचं नव्हतं. “गार पडलाय, मावशी. पोटाशी घेतलाय.”

“लाइट?”

“नाही. ऊनही नाही, धुकं आहे.”

मग त्यांचा वॉर्डातला आवाज आला. “ऊन येईल. तोवर तू आहेस. फोन ठेव, हात मोकळा राहू दे.”

भाईसाहबांनी मुलांना आणि आपल्या आईला ऑटोत बसवलं. भाभीजी चढल्या नाहीत. “तुम लोग जाओ,” त्या म्हणाल्या, “मैं यहीं हूँ.” वर्षभर ज्या स्नानाची त्या वाट पाहत, ते सोडून त्या आमच्या गॅसपाशी पाणी कोमट करायला गेल्या. जाता जाता म्हणाल्या, “बोतल इधर दो. और सीधे बैठो, कुबड़ निकालकर क्या गरमी दोगे उसको!”

सुट्टीचा दिवस, तरी डॉक्टरांनी फोन उचलला. म्हणाले, अजून काहीही मानू नका. ह्यांची हृदयं गारठ्यात इतकी मंद चालतात की हाताला कळत नाहीत. ऊन आलं की उन्हात ठेवा. पुरता तापला की कापसाची वात करून डोळ्याच्या कोपऱ्याला लावा. पापणी हलली तर मला बोलवा, मी येतो. आणि नाही हलली तरी घाई नका करू, ऊन जाईपर्यंत ठेवा.

धुकं उशिरा उठलं. आम्ही अंगणात खाट ओढली, सतरंजी घातली आणि त्याला पोटावर निजवलं, पाय नीट बाजूला घेऊन, जसा तो रोज पहुडायचा. ऊन त्याच्या शेपटीवर आलं, मग पाठीवर. मी डोक्याशी बसलो. भाभीजींनी जास्वंदीचं फूल त्याच्या नाकापुढे ठेवलं.

आणि मग रंग बदलू लागला. राखेरी पाठीवर आधी एक ठिपका, मग पट्टा, हिरवा. पहिल्या वेळी असंच झालं होतं. भाभीजींनी माझा दंड घट्ट धरला. इतक्यात गळ्याची झालर हलली.

“हिला! भैया, हिला!”

मी वाकलो. झालर पुन्हा हलली. मग माझ्या लक्षात आलं की जास्वंदीची पाकळीसुद्धा तशीच हलतेय. वारा सुटला होता. मी हाताने वारा अडवला. पाकळी थांबली. झालर थांबली.

तरी मी मानलं नाही. पाठ हिरवी होत होती, हाताला ऊब लागत होती. ऊन डोक्यावर आलं. आता तो तापला होता, त्याच्या आवडीच्या दुपारसारखा. मी त्याच्या डोक्यावरच्या त्या तिसऱ्या डोळ्यावर हाताची सावली धरली. एरवी सावली पडली की तो अंग आवळून घ्यायचा. काही नाही. आता वात लावायला हवी होती. भाभीजींनी देवघरातल्या कापसाची करून दिली. जोवर लावत नाही तोवर तो मेलेला नव्हता.

लावली. पापणी हलली नाही. दुसऱ्या डोळ्याला लावली. पुन्हा पहिल्याला.

आम्ही तसेच बसून राहिलो. ऊन भिंतीकडे सरकलं तशी खाटही सरकवली. भाभीजींनी माझ्या हातात लाडू ठेवला. तो मी धरूनच बसलो. भाईसाहब घाटावरून परत आले, नर्मदेच्या पाण्याची बाटली घेऊन. पहिल्या वेळी त्यांनी कोणालाही न विचारता खणायला घेतलं होतं. ह्या वेळी ते फावडं भिंतीच्या आड धरून उभे राहिले, मला दिसू नये म्हणून. मला पातं दिसत होतं.

उन्हाचा शेवटचा पट्टा खाटेवरून उतरला तेव्हा मी त्याच्या मिटल्या पापणीवरून बोट फिरवलं. खाली डोळा बसला होता. जबडा सैल होता. आणि पाठ, इतकी गरम.

“गेला,” मी म्हणालो. दिवसभरात पहिल्यांदा.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला. मी “मावशी” एवढंच म्हणालो आणि पुढचं निघेना.

“थांब,” त्या म्हणाल्या. “फोनवर नको सांगू. तू रडशील, मग मी रडीन, आणि काय काय केलं ते राहून जाईल. लिहून पाठव. सगळं, क्रमाने. मी वाचीन.”

मी लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकलं. ते असं:

‘तीर्थस्वरूप मावशींना साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं क्रमाने लिहितो.

लाइट गेल्यापासून बाटल्या बदलत होतो. पाणी कोमटच ठेवलं, कढत नाही. माझी रजई त्याच्यावर होती. त्या वेळी डोळा उघडत होता. पहाटेच्या सुमाराला तो केव्हा गार पडला ते मला कळलं नाही. मी जागाच होतो, पण हात त्याच्यावर नव्हता.

सकाळी पोटाशी घेतला. शेगडीजवळ नेला नाही. धुकं उठेपर्यंत अंगाची ऊब दिली. भाभीजी स्नानाला गेल्या नाहीत, त्यांनी बाटल्या भरल्या. ऊन आल्यावर खाटेवर ठेवला. पाठ हिरवी झाली, त्यामुळे आम्हाला वाटलं होतं. एकदा झालर हलली, पण ती वाऱ्याने. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही डोळ्यांना कापसाची वात लावली. त्यानंतरही ऊन असेपर्यंत ठेवला. त्याआधी मी कोणाला मेला म्हणू दिलं नाही, आणि स्वतःही म्हणालो नाही.

त्याला आपल्या जास्वंदीजवळ ठेवलं. भाईसाहबांनी खणलं, मी विचारल्यावरच. मुळं न तोडता जागा निघाली. भाभीजींचं मन होतं म्हणून वरून नर्मदेचं पाणी घातलं. तुम्हाला चालेल असं वाटलं.

साहेबांचा पत्ता आपल्याकडे नाही, नाहीतर त्यांनाही कळवलं असतं. पण मला वाटतं, आता त्याचं नाव ठेवायला हरकत नाही. ते तुम्ही आल्यावर ठेवा.

गुडघ्याचा व्यायाम चुकवू नका. दुखलं तरी वाकवा. लाइट आली आहे.

मावशी, तुम्ही फोनवर विचारलं नाहीत, पण विचारणार हे मला ठाऊक आहे. मातीत ठेवताना त्याला दोन्ही हातांत घेतलं होतं. माझे हात गार होते. तो गरम होता.

तुमचा.’